अंदाज चुकल्यावर: हवामानबदलाच्या काळातल्या साध्या माणसांची कथा कशी लिहावी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. यावर कथा लिहायची म्हटलं की लेखक बहुधा त्याच दिवशी सकाळी सुरुवात करतो. आभाळ काळवंडतं, पत्रे उडतात, म्हातारी देवापुढे दिवा लावते आणि संध्याकाळपर्यंत वाडी झोपलेली असते. मीही तशीच सुरुवात केली होती. तीनदा लिहिली, तिन्ही वेळा कथा वादळाबरोबर निघून गेली. उरलं ते वर्णन.

चौथ्यांदा मी ती दीड वर्ष पुढे नेली, वादळानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. कारण मला तोवर एक गोष्ट कळली होती. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, एकटीची नसते. उंच, सडपातळ खोडं एकमेकांना सावली देत उभी असतात. पश्चिमेची रांग पडली की आतली झाडं उघडी पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दुपारनंतरचं ऊन थेट खोडाला लागतं. आधी पिवळे डाग पडतात, मग ते तपकिरी होतात, खोड उभं तडकतं आणि पुढे कधीतरी साध्या वाऱ्यातही झाड मोडतं. म्हणजे वादळात वाचलेलं झाड वादळामुळेच मरतं, पण तेव्हा पंचनाम्याला कोणी आलेलं नसतं. वर्तमानपत्रात बातमी नसते. ते फक्त वाडीत रोज जाणाऱ्या बाईला दिसतं.

ही बाई म्हणजे माझी कथा, हे तेव्हा लक्षात आलं. तिचं नाव मी सुमती ठेवलं. पुढे जे सांगणार आहे ते याच कथेच्या आधाराने सांगते. ज्यांना आपल्या भागातल्या, आपल्या काळातल्या हवामानाची कथा किंवा कादंबरी लिहायची आहे, त्यांनी आपापलं गाव आणि आपापली सुमती त्या जागी ठेवावी.

पहिली पायरी: विषय निवडू नका, धंदा निवडा

‘मला हवामानबदलावर लिहायचंय’ इथून निघालेली कथा निबंधाकडे जाते. ‘मला बोंबील वाळवणाऱ्या बाईवर लिहायचंय’ इथून निघालेली कथा आपोआप हवामानाकडे येते, कारण बोंबील वलांडीवर टांगलेले असताना जानेवारीत पाऊस आला तर काय होतं हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

असा धंदा निवडा ज्यात माणूस आभाळाशी दररोज व्यवहार करतो. द्राक्षाच्या छाटणीला जाणारी मजुरांची टोळी, वीटभट्टीवर कच्च्या विटा थापणारं कुटुंब, कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जाणारं बीडचं जोडपं, गोव्यातल्या खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध आणि मानस (पाण्याचं दार) सांभाळणारा माणूस, मुंबईत भर दुपारी पार्सल पोचवणारा मुलगा. शेतकरीच हवा असं अजिबात नाही. मराठी कथेत दुष्काळ म्हणजे शेतकरी आणि पूर म्हणजे नदीकाठचं घर, अशी सवय होऊन बसली आहे. पत्र्याच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, किंवा पूर ओसरल्यावर दुकानातला चिखल काढायला रोजावर आलेला माणूस, यांच्याकडे फार कमी जणांनी पाहिलंय.

धंदा निवडला की स्वतःची परीक्षा घ्या. बारा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्यात हा माणूस सकाळच्या पहिल्या तासात काय करतो, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. सुमतीचं मला सुरुवातीला चारच महिन्यांचं सांगता आलं. बाकीचे आठ महिने मी विचारत फिरले आणि कथेतली सगळी चांगली वाक्यं त्या आठ महिन्यांतून आली.

दुसरी पायरी: वर्षाची वही

एक वही घ्या. डाव्या पानावर ‘असं असायचं’, उजव्या पानावर ‘असं झालं’. डावं पान गावातल्या वयस्क माणसांकडून भरून घ्या आणि त्यांच्याच कालगणनेत. महाराष्ट्रातला बराचसा शेतकरी अजूनही इंग्रजी तारखेइतकाच नक्षत्रावर चालतो. मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती बरसला की नाही, ‘पडल्या स्वाती तर पिकतील मोती’. ही नुसती लोकगीतातली सजावट नाही, कामाचं वेळापत्रक आहे. ते बिघडलं की नेमकं कुठलं काम अडतं, हे उजव्या पानावर यायला हवं.

उदाहरण म्हणून २०२५ चा मे महिना घ्या. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला. बातमीत हे ‘पाऊस सोळा दिवस आधी’ एवढंच असतं. वहीत काय येईल? कांदा काढून शेतात पडलेला, चाळीत जायचा राहिलेला. नांगरट झाली पण पाळी घालायला वाफसाच मिळेना. कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, अर्धवट: सुकी मासळी भरायची बाकी, लाकूडफाटा उघड्यावर, कौलं परतायला माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. एखाद्या घरात लग्न २८ मेचं, मांडव अंगणात. या प्रत्येक ओळीत एक कथा आहे. मला स्वतःला कौलं परतणाऱ्या माणसाची सगळ्यात जास्त भुरळ पडते. त्याने वीस घरांना शब्द दिलेला असतो आणि पहिल्या सरीला विसाच्या वीस घरांतून त्याच्या नावाने शंख सुरू होतो.

वही किमान तीन वर्षांची करा. एका वर्षात फक्त अपघात दिसतो, तीन वर्षांत माणसाचं वागणं बदलताना दिसतं.

तिसरी पायरी: घरात अंदाज कोणाचा चालतो ते शोधा

सगळ्या लेखात मला सांगायचंय ते मुख्यतः हे. हवामान बिघडतं तेव्हा पीक जातं, घर जातं, ते तर दिसतंच. पण त्याच्याही आधी एक गोष्ट जाते: माणसाचा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास. आणि खेड्यातल्या घरात अंदाज ही मालमत्ता असते. कधी पेरायचं, जाळं कधी टाकायचं, सुपारी वाळत कधी घालायची हे ज्याचं ऐकतात त्याचा घरात मान असतो.

कावळ्याने घरटं आंब्या-करंजावर केलं की पाऊस बरा, काटेरी बाभळीवर केलं की वर्ष कठीण. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जोराचा. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. मध्ये मातीची चार ढेकळं, पावसाच्या चार महिन्यांची. भोवती धान्यं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय ओलं झालं ते पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला आजही गर्दी होते. लेखकाने इथे दोन चुका टाळायच्या. ‘बिचारे अंधश्रद्ध’ ही एक आणि ‘पूर्वजांचं थोर ज्ञान’ ही दुसरी. तुम्हाला निकाल द्यायचा नाही. तुम्हाला एवढंच पाहायचंय की ज्या म्हाताऱ्याला साठ वर्षं सगळे विचारत आले, त्याला या वर्षी कोणी विचारलं नाही. नातवाने मोबाइलवर पाहिलं आणि सांगितलं, ‘सोळाला आहे.’ म्हातारा काहीच बोलला नाही, चपला घालून पारावर गेला. मग सोळालाही पाऊस आला नाही. आता त्या घरात कोण कोणाकडे बघतं?

माझ्या कथेत हा मान सुमतीच्या सासूकडे होता. सुपारी महिना-सव्वा महिना उन्हात वाळते, मध्ये भिजली की काळी पडते, भाव उतरतो. सासू संध्याकाळी अंगणात उभी राहून वारा घ्यायची आणि म्हणायची, ‘राहू दे आज उघडी’ किंवा ‘गोळा करा’. तिच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ती क्वचितच चुकली होती. एका डिसेंबरात ती लागोपाठ दोनदा चुकली. तिसऱ्या संध्याकाळी ती अंगणात आलीच नाही, आणि सुमतीने कोणाला न विचारता सुपारी गोळा केली. त्या रात्री पाऊस पडला नाही. हा प्रसंग दीड पानाचा आहे. वादळाच्या आठ पानांपेक्षा तो वाचकांना जास्त लागला.

चौथी पायरी: विज्ञान शिका, पण पात्राच्या तोंडी देऊ नका

तुम्हाला यंत्रणा माहीत हवी. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस येतो तेव्हा धो धो येतो आणि मधले खंड लांबतात. महिन्याच्या सरासरीत सगळं ठीक दिसतं, पण पीक सरासरीवर उगवत नाही. एकेकाळी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत मानला जाणारा अरबी समुद्र तापतोय आणि त्यातली चक्रीवादळं जोर धरू लागली आहेत. २०२० मध्ये निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. एवढं समजलं की कथेतला पाऊस कसा वागेल हे तुम्ही खरं लिहाल.

पण सगळं आभाळावर ढकलू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे खरं, आणि मिठी नदीचं पात्र आपण आवळलं होतं हेही खरं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पाऊस अफाट होता, आणि वाशिष्ठीतल्या गाळाबद्दल चिपळूणची माणसं आजही बोलतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या सांगली-कोल्हापूरच्या पुराबद्दल बोलताना धरणातून सोडलेलं पाणी आणि पूररेषेतली बांधकामं यांच्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. माणूस म्हणून आपल्याला एक गुन्हेगार हवा असतो. कथेने तो सहज देऊ नये. पूररेषेत घर बांधणारा माणूस तुमच्या कथेत असेल तर तो हावरा बिल्डरच कशाला हवा? तो पेन्शनचे पैसे घालून दोन खोल्या बांधणारा शिक्षक असू शकतो, कारण तीच जमीन त्याला परवडली.

आणि एक पात्र काढून टाका: शहरातून आलेला शिकलेला तरुण, जो जागतिक तापमानवाढ समजावून सांगतो. माझ्याकडे वाचायला आलेल्या कथांत हा मुलगा इतक्यांदा भेटलाय की त्याची चप्पलसुद्धा ओळखू येते. तो गेला की कथेला श्वास घेता येतो. पात्रं म्हणतील, ‘पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही.’ तेवढं पुरतं.

पाचवी पायरी: कागद वाचा

मराठी लेखक सहसा इथे जात नाहीत आणि इथेच सगळ्यात जास्त नाट्य आहे. संकट आल्यावर साधा माणूस निसर्गाशी दोन दिवस झगडतो आणि कागदांशी दोन वर्षं.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की सरकारी हिशेबात ती अतिवृष्टी. एका मंडळात बरीच गावं येतात आणि पाऊस मोजणारं यंत्र एखाद्या ठिकाणी असतं. ढग मात्र शिवारा-शिवारात वेगळा फुटतो. आता दोन भाऊ घ्या. वाटणीत मधला ओढा हद्द झाला आणि थोरल्याचं रान एका मंडळात गेलं, धाकट्याचं दुसऱ्यात. एकाच रात्री दोघांचं सोयाबीन पाण्यात. थोरल्याच्या मंडळात नोंद ७१, धाकट्याच्या ६३. मी हा प्रसंग कल्पनेने रचला आहे, पण हा नियम माहीत असलेल्या कोणत्याही तालुक्यात तुम्ही तो सांगितलात तर ऐकणारा तुम्हाला दुसरा सांगेल.

आणखी कागद आहेत. नुकसान ३३ टक्क्यांवर आहे की नाही, हे ठरवणारा डोळा कोणाचा? पीकविम्यात बरीच वर्षं ७२ तासांत नुकसान कळवायची अट होती. ७२ तास वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, रस्ता वाहून गेलाय. सातबाऱ्यावर नाव मेलेल्या सासऱ्याचं, वारस नोंद राहिलेली, आणि राबणारी सून कुठल्याच रकान्यात नाही. बटईने करणाऱ्याचं पीक गेलं आणि मदत मालकाच्या खात्यात जमा झाली. मालक देव माणूस असला तरी आता तो आणि बटईदार चहाला बसतील तेव्हा मध्ये काहीतरी असेल. ते ‘काहीतरी’ लिहा.

निसर्गनंतर वाड्यांच्या मदतीत वाद होता तो हेक्टरी मोजायचं की झाडामागे. कोकणात वाड्या गुंठ्यांत असतात आणि सातबाऱ्यावर हिस्सेदार ढीगभर. हेक्टरचा आकडा कागदावर मोठा दिसतो, एकेकाच्या वाट्याला आला की हातात काही उरत नाही. सुमतीची वाडी चौदा गुंठ्यांची, तीन हिस्सेदार, त्यांतला एक दीर डोंबिवलीला, दहा वर्षं न बोलणारा. त्याच्या सहीशिवाय पैसे निघेनात. म्हणून ती त्याला फोन करते. माझी कथा त्या फोनवर उभी आहे, वादळावर नाही.

कागदांचे शब्दही ऐकून ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि इतर नद्यांनी सोलापूर-धाराशिवची रानं बुडवली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच क्रियापद होतं: जमीन खरडून गेली. सरकारी यादीतही तेच, बाईच्या रडण्यातही तेच. असा शब्द क्वचित सापडतो, जो कार्यालयाचाही असतो आणि माणसाचाही. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं, तिथे नऊ वर्षांनी मातीच वाहून गेली. लातूरच्या एखाद्या घरात त्या वेळचा पाण्याचा निळा ड्रम अजून असेल. आता त्यात काय ठेवतात? विचारून या.

सहावी पायरी: माणसाला हवामानाशिवाय काहीतरी हवं असू द्या

फक्त सोसणारं पात्र वाचकाला दोन पानांत थकवतं. वाईट वाटतं, पण पुढे वाचावंसं वाटत नाही. त्याला अशी एक इच्छा द्या जिचा पावसाशी थेट संबंध नाही. सुमतीला हवंय की दिराने गणपतीत यावं, चार दिवस राहावं, कारण सासू आता फार दिवसांची नाही. वाडीचं काय व्हायचं ते होवो. ही इच्छा आणि वाडीचा प्रश्न एकमेकांत अडकले की कथा स्वतःच्या पायांवर चालते.

मग निर्णय द्या, आणि तो शक्यतो कामाच्या रूपात द्या. पोफळीचं रोप लावलं तर उत्पन्न यायला सहा-सात वर्षं. कोवळ्या रोपाला सावली लागते म्हणून मध्ये केळ लावतात. सुमतीने लावली. केळीने वर्षभरात पैसे दिले. पुतण्या म्हणाला, ‘काकू, केळच राहू दे ना, सुपारीचं कोणी बघितलंय.’ त्याचं चूक नव्हतं. आता दरवेळी घड उतरवल्यावर प्रश्न: बुंध्याशी आलेली पिल्लं ठेवायची की काढायची? ठेवली तर पैसे, पण खालची पोफळ वर येणार नाही. काढली तर सात वर्षं थांबायचं, साठाव्या वर्षी, आणि पुढचं वादळ कधी येईल ते ठाऊक नाही. भविष्यावरचा विश्वास, पुढची पिढी, हे मोठे शब्द मला एकदाही लिहावे लागले नाहीत. कोयता आणि केळीची पिल्लं होती.

सातवी पायरी: एक परिच्छेद दोनदा लिहून बघा

पहिल्या खर्ड्यातला माझा परिच्छेद असा होता:

‘निसर्गाचं चक्र आता बेभरवशाचं झालं होतं. सुमतीच्या डोळ्यांसमोर वाडीचं भविष्य अंधारलं होतं. पिढ्यान् पिढ्या जपलेलं वैभव डोळ्यांदेखत नष्ट होताना पाहून तिच्या काळजात कालवाकालव झाली.’

शेवटचा असा झाला:

‘सुमतीने खोडावरचा बिब्ब्याएवढा पिवळा डाग नखाने खरवडला. निघाला नाही. पलीकडच्या खोडावर दोन होते. तिने पदराच्या टोकाला एक गाठ मारली, मग दुसरी. आठवी गाठ बसेना तेव्हा तिने मोजायचं सोडलं. घरी आल्यावर सासूने विचारलं, “पाट सोडलास?” “सोडला,” ती म्हणाली.’

पहिल्यात काय बिघडलंय? त्यातलं एकही वाक्य पोफळीचं नाही. तो परिच्छेद जसाच्या तसा द्राक्षबागेला किंवा कोळ्याच्या होडीला चिकटवता येईल. तुमच्या खर्ड्यात अशी उचलून कुठेही लावता येतील ती वाक्यं शोधा आणि खोडा. दुसऱ्यात बाई काही बोलत नाही, सासूपासून लपवते. का लपवते ते मी सांगितलं नाही.

भाषेबद्दल थोडंसंच. संज्ञा सगळेच गोळा करतात, तुम्ही क्रियापदं गोळा करा. पाऊस उघडीप देतो, झड धरतो, ओढ देतो, झोडपतो. प्रत्येक भागात ही वेगळी आहेत आणि बोलीचा खरा वास त्यांत असतो. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत ठेवायला हरकत नाही, मात्र जी बोली तुमच्या कानात नाही ती नुसतं शब्दांच्या शेवटी ‘हाय’ आणि ‘न्हाई’ लावून येत नाही.

आठवी पायरी: काळ हळू कसा दाखवायचा

हवामान वर्षानुवर्षं बदलतं, कथा वीस पानांत संपते. यावर मला एकच उपाय लागू पडला. एकच दिवस निवडा आणि दरवर्षी त्याच दिवशी त्याच जागी परत या. नारळी पौर्णिमा, बैलपोळा, शाळेचा पहिला दिवस, चालेल काहीही. मधली वर्षं सांगू नका. पहिल्या वर्षी अंगणात सुपारी आहे, दुसऱ्या वर्षी तिच्यावर निळी ताडपत्री आहे, तिसऱ्या वर्षी अंगणावर पत्र्याची शेड आहे, चौथ्या वर्षी शेडमध्ये पर्यटकांच्या दोन दुचाकी उभ्या आहेत. वाचक हिशेब करतो.

नववी पायरी: माणसांकडे जाताना

आपत्तीनंतर पहिल्या काही आठवड्यांत वही-पेन घेऊन जाऊ नका. मी एकदा गेले होते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एक बाई मला हाताला धरून पडलेली झाडं एकेक करून दाखवत होती, मोजत होती, आणि मी लिहून घेत होते. शेवटी तिने विचारलं, ‘मॅडम, यादी कधी लागेल?’ तिला मी तहसीलमधून आले असं वाटलं होतं. तो अर्धा तास तिने माझ्यावर खर्च केला होता, आणि मला आजही तो परत करता आलेला नाही. तेव्हापासून मी हंगाम संपल्यावर जाते, आपण कोण ते दारातच सांगते आणि वही पिशवीत ठेवते. कामात हात लावू दिला तर लावते. सुपारी सोलताना जे बोलणं होतं ते मुलाखतीत होत नाही.

कोणाचं दुःख जसंच्या तसं उचलू नका. गाव छोटं असतं, सगळे ओळखतात. दरड कोसळलेल्या माळीण, तळिये यांसारख्या ठिकाणी तर घराघरातलं माणूस गेलंय. अशा गावाचं नाव वापरून कल्पित मृत्यू लिहिणं मला जमत नाही आणि इतरांनीही पुन्हा विचार करावा असं वाटतं. गावाचं नाव बदला, घटनेची हाडं ठेवा.

दहावी पायरी: तपासणी

पूर्ण झालेल्या कथेतून ‘हवामानबदल’, ‘पर्यावरण’ आणि ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द शोधून काढून टाका आणि कथा तरीही कळते का पाहा. नक्षत्रांच्या तारखा पंचांगात तपासा. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी लागतो, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. समुद्र असेल तर तिथीशी भरती जुळवा. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बारा-एकच्या आसपास असते. पौर्णिमेच्या दुपारी बाराला तुमची नायिका ओहोटीच्या खडकांवर कालवं काढत असेल तर कोळीवाड्यातला वाचक तिथेच थांबेल. यांत्रिक होड्यांची मासेमारी जून-जुलैत बंद असते, तेव्हा जुलैत होडी खोल समुद्रात नेऊ नका, न्यायची असेल तर चोरून न्या आणि ती चोरी कथेत आणा.

शेवटी ती कथा त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवा. छापायला देण्याआधी. मी माझी श्रीवर्धनजवळच्या एका वाडीवाल्या बाईंना ओटीवर बसून वाचून दाखवली. त्या सुपारी निवडत ऐकत होत्या. दिराच्या फोनला त्या हसल्या. शेवटच्या प्रसंगात सुमती पहिल्यांदा केळीची पिल्लं कोयत्याने काढते, आणि मी लिहिलं होतं की तिचे डोळे भरून आले.

‘रडणार नाही ती,’ बाई म्हणाल्या. ‘केळीचा चीक लागेल लुगड्याला. तो जात नाही धुतला तरी. ती लुगडं बघेल.’

मी तिथेच पेन मागून घेतलं.